कुंडीतला वाफसा

शाळेत मुलांना कुंड्या वाटून दिल्या जातात. जूनमध्ये मुले उत्साहाने टोमॅटोची, मिरचीची रोपे लावतात आणि रोज न चुकता पाणी घालतात. ऑगस्ट संपेपर्यंत बऱ्याच कुंड्यांमधली पाने पिवळी पडू लागतात. मग कोणीतरी म्हणते, ‘खत कमी पडले.’ मूठभर खत पडते आणि रोप मरते. ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही,’ असे ते मूल ठरवून टाकते. दोष खरे तर हाताचा नसतो. कुंडीत माती, पाणी, हवा आणि क्षार यांचे काय चालते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

झाड मातीतून किती घेते?

व्हान हेल्मोंट या संशोधकाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी दिले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. माती मात्र जेमतेम दोन औंस घटली. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे झाड पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्याने काढला होता. झाडातला कार्बन हवेतून येतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण ते दोन औंसही महत्त्वाचे आहेत. वनस्पतींना आवश्यक अशा १७ मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुख्यतः मुळांवाटे आत येतात. १८६० च्या सुमारास झाक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी मातीविना, पाण्यात क्षार विरघळवून रोपे वाढवून दाखवली.

म्हणजे माती हे झाडाचे ‘अन्न’ नव्हे. मुळांना आधार, पाणी, हवा आणि क्षार एकाच वेळी पुरवणारी ती जागा आहे.

तहानेने नव्हे, गुदमरून

या चारांपैकी आपण विसरतो ती हवा. शेतकरी मात्र विसरत नाही. माती ना चिखल, ना ढेकूळ. कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही, या स्थितीला तो ‘वाफसा’ म्हणतो. मुळेही श्वसन करतात. पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद होते. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, पाणी शोषू शकत नाहीत आणि भिजलेल्या मातीतही पाने माना टाकतात. ते पाहून मूल आणखी पाणी घालते!

कुंडीत वाफसा साधणे शेतापेक्षा अवघड का, हे स्पंजच्या प्रयोगातून दिसते. जाडसर आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, छिद्रेही तीच. बदलली ती फक्त उंची. तळाशी पाण्याचा एक थर केशाकर्षणाने अडकून राहतो. त्या थराची जाडी छिद्रांच्या आकारावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीतली बरीचशी माती ओलीगच्च राहते.

तळाशी विटांचे तुकडे पसरण्याची पद्धत आहे. पण बारीक छिद्रांमधले पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. त्यामुळे ओला थर नाहीसा न होता तुकड्यांच्या वर सरकतो आणि मुळांना जागा कमी पडते. माती वाहू नये म्हणून भोकावर एक खापरी पुरते.

आपली काळी माती शेतात कसदार असली, तरी कुंडीत एकटी वापरू नये. तिचे कण अतिसूक्ष्म असतात. ती भिजली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडा सोडते. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट, हे मिश्रण सुरुवातीला चांगले. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

कोणते पान पिवळे?

पिवळे पान म्हणजे उपाशी झाड, असे नेहमीच नसते. आधी खालची, जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता संभवते. झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्यांना देते. लोह असे सहजी हलत नाही. म्हणून कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाचा संशय घ्यावा. शेतकरी याला ‘केवडा’ म्हणतात.

गंमत अशी, की ज्या बेसाल्ट खडकापासून आपली काळी माती बनली त्यात लोह भरपूर असते. पण या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि सामू एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. ताट वाढलेले आहे, पण हात पोचत नाही! इथे युरिया घालून काय होणार? लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून एकाच पिवळ्या पानाला बोळ्याने लावावे. काही दिवसांत तेवढेच पान हिरवे होऊ लागले, तर निदान पक्के. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट मातीचा सामू आणखी वाढवतात. कुंडीवर पांढरे पापुद्रे दिसले की क्षार साचत आहेत, असे समजावे. छपरावरचे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम.

जास्त खताचा परिणाम मुलांना घरीच दिसतो. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते. मातीत क्षार फार झाले तर मुळांना पाणी मिळणे असेच अवघड होते. म्हणून पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्या खताने सुरुवात करावी. महिन्यातून एकदा, तळातून वाहून जाईल इतके गोडे पाणी घालून क्षार धुऊन काढावेत आणि ताटलीत साचलेले पाणी फेकावे.

शिक्षकांना आम्ही आणखी एक सुचवू. मेलेले रोप तसेच फेकू नका. वर्गात कुंडी उपडी करून मुळे धुऊन मुलांना दाखवा. निरोगी मुळे पांढरट आणि घट्ट असतात. गुदमरलेली तपकिरी, बुळबुळीत होतात आणि त्यांना कुजका वास येतो. मग पुढची कुंडी कशी भरायची, हे मुलांनाच ठरवू द्या.