लाइट गेली, कंडेन्सर जागाच

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ज्या विहिरीवर सिंगल फेजची मोटर आहे, तिथल्या पेटीत कपॅसिटर असतोच. वायरमनच्या तोंडी तो कंडेन्सर. लाइट गेली म्हणजे तोही मेला, असं समजून पेटीत हात घालणारे बरेच.

तो मरत नाही, विशेषतः स्टार्टचा. हिरवं बटण सोडलं की तो सर्किटबाहेर पडतो आणि त्या क्षणी साठलेल्या विद्युतभाराला निघायला वाटच उरत नाही. म्हणून चांगल्या पेटीत त्याला समांतर रेझिस्टर जोडलेला असतो. १०० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम यांचा गुणाकार १० सेकंद. हाच टाइम कॉन्स्टंट.

मग १० सेकंदांत कंडेन्सर रिकामा? तेही नाही. टाकीतली पातळी उतरते तशी नळाची धार बारीक होते, तसंच इथं. ३०० व्होल्ट असले तर १० सेकंदांनी ११० उरतात, २० सेकंदांनी ४१, ३० सेकंदांनी १५. पेटी उघडणाऱ्यानं मिनिटभर थांबावं आणि तरीही मीटर लावून बघावं.

हाच उतार प्रयोगशाळेत ९ व्होल्टच्या बॅटरीवर, १००० मायक्रोफॅरड, १० किलोओहम आणि स्टॉपवॉच घेऊन मोजता येतो. व्होल्टेज ३.३ वर यायला १० ऐवजी ११ सेकंद लागले की जळगाव-धुळ्याचे विद्यार्थीही आकडे 'जुळवून' लिहितात. कशाला? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेलं मूल्यच बहुधा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असतं. मीटरही निव्वळ बघ्या नसतो. त्याचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम. सर्किटात तेवढाच रेझिस्टर असेल, तर हिशेबाचे १०० सेकंद घड्याळात ५० होतात.

कॉइलचं गणित उलटं. रेझिस्टर वाढवला की कपॅसिटर सावकाश उतरतो, कॉइलमधला करंट मात्र लवकर विरतो, कारण इथं इंडक्टन्सला रोधानं भागायचं असतं. १ मिलिहेन्री, १०० ओहम: १० मायक्रोसेकंद. इथं स्टॉपवॉच निरुपयोगी, ऑसिलोस्कोपच हवा. आणि कॉइलच्या तारेचा रोध हिशेबात धरायला विसरलं की उत्तर हमखास चुकतं.

स्विच उघडला की करंट तत्क्षणी थांबतो, हाही भ्रमच. कॉइल तो रेटतच राहते, व्होल्टेज उसळतं, स्टार्टरच्या पॉइंटांत ठिणगी उडते. तार तोडताना उडणाऱ्या अशाच ठिणगीवरून जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये स्वयंप्रवर्तन मांडलं. रिलेच्या डीसी कॉइलवर उलटा डायोड लावतात, तो या उसळीला वाट द्यायला.