पंचवीस डॉलरची चिप, वीस हजार आकृत्या

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन भरले, तेव्हा पेनसिल्व्हानियातल्या मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाचा प्रोसेसर विकायला काढला. किंमत २५ डॉलर. इंटेलच्या ८०८० साठी, ती बाजारात आली तेव्हा, ३६० डॉलर मोजावे लागत, त्यामुळे पुष्कळांना ही फसवाफसवीच वाटली. प्रदर्शनाच्या दालनात माल विकायला मनाई होती, म्हणून कंपनीने हॉटेलात खोली घेऊन चिपांनी भरलेल्या बरण्या मांडल्या. वरचा थर सोडला तर बरणीतल्या बऱ्याच चिप निकामी होत्या, असे पुढे उघड झाले. विक्रीची अक्कल मात्र अस्सल होती, आणि चिपही.

ती बनवणारे चक पेडल, बिल मेन्श आणि त्यांचे सहकारी मोटोरोला सोडून आले होते. ॲपल-१ आणि ॲपल-२, कमोडोर पेट, निन्टेन्डोचा खेळयंत्र-संच, ब्रिटनमधला बीबीसी मायक्रो या सगळ्यांच्या पोटात ६५०२ किंवा तिचीच भावंडे होती. आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेत शाळाशाळांत जे संगणक पाठवले, ते बीबीसी मायक्रोच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली मंडळीही नकळत याच घराण्याच्या चिपशी झुंजत होती.

मॉस टेक्नॉलॉजी १९७६ मध्ये कमोडोरने विकत घेतली आणि १९९४ मध्ये कमोडोरचेच दिवाळे निघाले. मागे उरली ती मॅन्युअल, चालू यंत्रे आणि ढिगांनी चिप. जुने खेळ नव्या संगणकावर चालवण्यासाठी लोक इम्युलेटर लिहितात, तो या मॅन्युअलच्या आधारे: अमुक आज्ञा आली की तमुक कर. पण कंपनीने जे छापलेच नाही, त्याचे काय? ६५०२ ला आज्ञा म्हणून एका बाइटचा संकेतांक, म्हणजे २५६ पैकी कोणताही, देता येतो. त्यातले १५१ मॅन्युअलमध्ये आहेत. उरलेले १०५ दिले तरी चिप गप्प बसत नाही, काहीतरी करतेच. कित्येक खेळांच्या प्रोग्रामरनी या अनौरस आज्ञा बिनदिक्कत वापरल्या. इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी चाचण्या घेऊन त्यांची यादी केली, पण त्या तशा का वागतात हे कोणत्याही यादीत नव्हते.

ग्रेग जेम्स, ब्रायन सिल्व्हरमन आणि बॅरी सिल्व्हरमन यांनी २००९ च्या उन्हाळ्यात दुसरी वाट धरली. ब्रायन सिल्व्हरमनने १९८७ मध्ये ‘वायरवर्ल्ड’ हा चौकटींचा खेळ शोधला होता. त्यात साध्या नियमांवर चालणाऱ्या चौकटींतून विजेच्या तारा आणि मंडले उभी राहतात, तेव्हा हा माणूस या कामाकडे वळला यात नवल नाही. त्यांनी एकच ६५०२ घेतली, वरचे आवरण काढून आतला सिलिकॉनचा तुकडा उघडा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागाची छायाचित्रे काढली. मग वरचे थर उतरवून खालच्या पायाचीही काढली. दोन्ही एकमेकांवर बिनचूक बसवली. त्यावरून धातूच्या पट्ट्या, पॉलिसिलिकॉनच्या रेषा, सिलिकॉनमधले भाग, थरांना जोडणारी छिद्रे, असे सगळे आकार बहुभुजांच्या रूपात उतरवून घेतले. एकूण सुमारे वीस हजार.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे आकार उतरवून घेण्याचे काम. मुळात १९७५ मध्येही ही चिप माणसांनी हाताने आखली होती. पॉलिसिलिकॉनची रेषा सिलिकॉनच्या पट्टीला जिथे ओलांडते, तिथे ट्रान्झिस्टर बनतो. म्हणजे आकार नीट उतरवले की कोण कुणाला छेदतो एवढे संगणकाला काढायला लावले, तरी अख्खे मंडल हाती येते. चिप काय करते याविषयी कोणताही अंदाज बांधावा लागत नाही. असे ३५१० ट्रान्झिस्टर निघाले, शिवाय तारा वर ओढून धरणारे १०१८ ‘पुल-अप’.

ते चालवण्याचा नियम आश्चर्य वाटावा इतका साधा आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे फक्त चालू-बंद कळ मानायची. कळ चालू असेल तर तिच्या दोन्हीकडच्या तारा एकच धरायच्या. अशा जोडलेल्या गटातली एक जरी तार ग्राउंडला टेकली, तर सगळा गट शून्य. ग्राउंड नसेल आणि वीजपुरवठा किंवा पुल-अप असेल, तर एक. यातले काहीच नसेल, तर आधीची अवस्था तशीच ठेवायची, कारण खऱ्या चिपमध्येही तारेवर थोडा वेळ विद्युतभार टिकतो. बदललेल्या तारा पुढच्या कळा हलवतात. सगळे स्थिरावेपर्यंत हे करत राहायचे आणि मग घड्याळाचा पुढचा अर्धा ठोका द्यायचा. बेरीज कशी करायची, हे या प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेले नाही. तरी बेरीज होते.

आणि अनौरस आज्ञांचे कोडेही सुटते. ए५ हा (सोळाच्या पायावर लिहिलेला) संकेतांक ‘ए’ रजिस्टर, म्हणजे चिपमधली एक आकडा ठेवायची जागा, भरतो, ए६ ‘एक्स’ रजिस्टर भरतो. दोन्हींत फरक आहे तो शेवटच्या दोन बिटांचा: एकात ०१, दुसऱ्यात १०. ए७ मध्ये ते ११ होतात, म्हणून दोन्ही आज्ञांच्या तारा एकदमच जाग्या होतात आणि ‘ए’ व ‘एक्स’ दोन्ही भरले जातात. ही आज्ञा कुणी योजलेली नव्हती. ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी आखणी आखडती घेतली, त्यातून ती आपोआप जन्मली. आणखी १२ संकेतांक असे आहेत, की ते आले की चिप ठप्प होते आणि रीसेट दिल्याशिवाय हलत नाही. आज्ञेची पायरी मोजणारी खूण पुढे सरकत सरकत बाहेर निघून जाते आणि पुढची आज्ञा आणायला कुणी उरतच नाही, हे पडद्यावर तारेतारेने पाहता येते.

ही नक्कल अगदीच निर्दोष आहे असे नाही. काही अनौरस आज्ञांचे उत्तर चिपनुसार आणि तापमानानुसारही बदलते. चालू आणि बंद यांच्यामधले काही न जाणणाऱ्या प्रोग्रामला ते जमणारे नाही. वेगाचे तर विचारूच नका. खरी चिप सेकंदाला दहा लाख ठोके घेते, ही चित्रांसह चालताना रांगते. पण हिला खेळ खेळायला बनवलेलेच नाही. २०१० च्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत हे काम मांडले गेले आणि पुढच्या वर्षी ‘आर्किऑलॉजी’ या पुरातत्त्वाच्या मासिकाने त्यावर लेख छापला. मला तो मान योग्य वाटतो.

पाठोपाठ इतरांनीही कुदळ उचलली. निन्टेन्डोसाठी रिको कंपनीने बनवलेल्या चिपमध्ये ६५०२ चे दशमान गणित चालत नाही, हे ठाऊक होते; छायाचित्रांत दिसले की ते मंडल जागेवर आहे, फक्त तोडून ठेवले आहे. दशमान मंडलावर मॉसचे पेटंट होते, त्यामुळे ते टाळण्यासाठी हे केले असावे, असा तर्क आहे. २०१६ मध्ये एरिक श्लेप्फर आणि विंडेल ऑस्के यांनी सुट्या ट्रान्झिस्टरची, १२ बाय १५ इंचांची चालती ६५०२ मांडली. १९८५ ची एआरएम-१ ही सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टरची चिपही अशीच पडद्यावर चालवली गेली. आजच्या बहुतेक मोबाइल फोनमधल्या प्रोसेसरची ती पूर्वज.

याच्या फार पुढे मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाने जाता येणार नाही. आजच्या चिपवरचे आकार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान आहेत आणि त्यांची संख्या अब्जावधी आहे. ६५०२ ची नक्कल मात्र कोणत्याही ब्राउझरमध्ये फुकट चालते. ती उघडलीत, तर स्मृतीत ए७ घाला, एकेक ठोका पुढे जा आणि ‘ए’ व ‘एक्स’ या दोन रजिस्टरांवर नजर ठेवा.