अस्वलाशी गाठ पडण्यापूर्वी

दोन मित्र आणि अस्वल यांची इसापनीतीतील गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. अस्वल समोर येताच एक मित्र झाडावर चढतो. दुसऱ्याला चढता येत नाही, म्हणून तो श्वास कोंडून जमिनीवर निपचित पडतो. अस्वल त्याला हुंगते आणि मेलेला समजून निघून जाते. त्या गोष्टीने मैत्रीविषयी आपल्याला काय शिकविले ते असो. पण अस्वलाविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून जे काही ज्ञान आहे, ते बहुतेक या एका गोष्टीवरूनच आलेले आहे. विदर्भातील जंगले पाहावयास निघालेल्या मंडळींच्या तोंडी ते आजही ऐकू येते. झाडावर चढावे, नाही तर मेल्याचे सोंग घ्यावे! यांपैकी पहिला उपाय आपल्याकडे निरुपयोगी आहे आणि दुसरा अर्धाच खरा आहे. कारण इसापाचे अस्वल निराळे व आपले निराळे.

ग्रीस देशात आढळते ते तपकिरी अस्वल. पूर्ण वाढ झालेले तपकिरी अस्वल अंगाने जड असल्यामुळे सहसा झाडावर चढत नाही. गोष्टीतला पहिला मित्र वाचला यात म्हणूनच काही नवल नव्हे. भारतात अस्वलाच्या चार जाती आहेत. परंतु महाराष्ट्रात एकच आढळते. काळ्या, लांब, विसकटलेल्या केसांचे, छातीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पांढुरका पट्टा असलेले हे अस्वल मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोली, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य अशा रानांतून राहते, आणि मधाच्या पोळ्यासाठी उंच झाडावर मोठ्या सराईतपणे चढते. त्याच्या आधी फांदीवर जाऊन बसण्यात काय अर्थ आहे ते सांगावयास नकोच.

शहरातील जुन्या पिढीने अस्वल पाहिले ते बहुधा दरवेशाच्या दोरीला बांधलेले. नाकातून दोरी ओवलेला, डमरूच्या तालावर दोन पायांवर उभा राहणारा तो केविलवाणा जीव पाहून अस्वल म्हणजे एक मंद, गमतीदार प्राणी, अशी समजूत झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदेशीर ठरला आणि २००९ च्या सुमारास तो जवळजवळ नामशेष झाला, ही फार चांगली गोष्ट झाली. समजूत मात्र मागे राहिली आहे.

मंदपणाचा हा आरोप पंडितांनीही केला होता. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याची लांब नखे आणि वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसणे या गोष्टी पाहून त्याने त्याला दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या आळशी प्राण्याच्या पंक्तीस बसविले. पुढे चूक उमगली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आजही इंग्रजीत त्याला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. वस्तुतः हे आळशी जनावर धावू लागले तर माणसाला सहज गाठते.

ते दोन दात का नसतात, हे समजले म्हणजे अस्वलापासून बचाव कसा करावा याचे निम्मे उत्तर मिळते. आपल्या अस्वलाचे मुख्य अन्न म्हणजे वाळवी आणि मुंग्या. मधल्या बोटाएवढ्या लांब नखांनी ते वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडविते, नाकपुड्या मिटून घेते, लांब ओठांचे नळकांडे करते आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी भराभर ओढून घेते. या फुंकण्याचा आणि ओढण्याचा आवाज शांत रानात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. स्वतः एवढा आवाज करणाऱ्या त्या प्राण्याला त्या वेळी दुसऱ्याची चाहूल लागणार तरी कशी? त्याचे नाक अत्यंत तीक्ष्ण आहे, परंतु दृष्टी बेताचीच. आणि वारा उलट दिशेचा असला तर नाकाचाही उपयोग होत नाही. अशा वेळी नकळत आपण आठ-दहा पावलांवर जाऊन उभे राहतो. अस्वल एकाएकी मान वर करते, आणि त्याला वाटते की आपल्यावर घाला आला.

आता दुसरा कोणताही प्राणी अशा प्रसंगी पळून गेला असता. हरिण पळते, बिबट्या झुडपात नाहीसा होतो, अस्वलही पुष्कळदा पळते, पण फारच जवळून दचकले तर उलट अंगावर येते. शास्त्रज्ञांचा तर्क असा की, ज्या रानांत त्याच्या हजारो पिढ्या वाढल्या तेथे त्याची गाठ वाघाशी होती, आणि वाघापुढे पाठ फिरविणारे अस्वल वाचत नाही. तेव्हा प्रथम आपणच तुटून पडावे आणि मग निघून जावे, हा त्याचा वंशपरंपरागत डाव आहे. माणसाला वाघ आणि लाकूडतोड्या यांतला भेद समजावून देण्यास त्याला सवड नसते. आपले अस्वल माणसाला खाण्यासाठी येत नाही. ते भ्यालेले असते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरली म्हणजे पुढचे सारे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

अचानक गाठ पडू देऊ नये, हाच खरा बचाव. त्यासाठी रानातून चालताना आपली चाहूल आधीच द्यावी. आपल्याकडे खेडोपाडी घुंगुरकाठी असे ती उगाच नव्हे. तीन-चार माणसांनी मिळून, मोठ्याने बोलत, काठी खडकावर किंवा झाडाच्या बुंध्यावर आपटीत जावे. नाल्याच्या वळणावर, दाट झुडपापाशी, मोठ्या शिळांच्या आडोशाशी अधूनमधून हाळी द्यावी. जंगलात शांतता पाळावी असे वाहनात बसलेल्या प्रवाशांस सांगतात ते योग्यच आहे. पायी जाणाऱ्यास मात्र तो नियम लागू करू नये. कानात संगीताची यंत्रे घालून पहाटे जंगलालगतच्या रस्त्यावर धावावयास जाणारे तरुण मला दिसतात, तेव्हा त्यांच्या आरोग्यापेक्षा त्यांच्या कानांचीच मला काळजी वाटते. दुपारी अस्वल कपारीत किंवा गर्द सावलीत झोपते, म्हणून थंडगार गुहा दिसली की आत डोकावण्याचा मोह आवरावा. पाळीव कुत्रा मोकळा सोडू नये. तो मोठ्या शौर्याने अस्वलावर भुंकत जातो, आणि अस्वल उलटले की तितक्याच वेगाने त्याला घेऊन धन्याकडे परत येतो.

हे सर्व हौसेने जाणाऱ्यांसाठी झाले. परंतु ज्यांना अस्वलाच्या रानात रोजच जावे लागते, त्यांची गोष्ट निराळी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रभर टपटपतात आणि पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. ती वेचण्यास बायामाणसे अंधारातच निघतात, कारण उशीर झाला तर फुले गुरे, हरणे किंवा दुसरे कोणी नेणार. अस्वलालाही मोहाचे फूल अतिशय प्रिय, आणि त्याचीही वेळ हीच. दोघेही खाली वाकलेले, दोघांचेही लक्ष जमिनीकडे, मध्ये झाडाचा बुंधा. त्यानंतर मे महिन्यात तेंदूची पाने तोडावयाची. तीही झुडपांत शिरून, ओणवे होऊन. ‘फटफटीत उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये’ हा उपदेश अक्षरशः खरा आहे. परंतु ज्या घराची वर्षाची मीठ-मिरची त्या फुलांवर अवलंबून आहे, त्या घराला तो देताना थोडा विचार करावा. त्यापेक्षा एकत्र जाणे, हाती चांगला विजेचा कंदील असणे, झाडाजवळ पोहोचण्यापूर्वी थाळी वाजविणे आणि एकाने फुले न वेचता केवळ पहारा करणे, या गोष्टी साधण्यासारख्या आहेत.

एवढे करूनही अस्वल दिसलेच तर? ते दूर असेल आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल तर आल्या वाटेने गुपचूप मागे फिरावे. त्याने पाहिले असेल तर जागच्या जागी थांबावे, मग त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू व शांत आवाजात बोलत, एकेक पाऊल मागे घ्यावे. ते मागच्या पायांवर उभे राहिले म्हणजे हल्ला करणार असे नव्हे. पुष्कळदा ते नुसते वास घेत असते. दगड मारू नये. छायाचित्रासाठी थांबू नये. आणि मादीच्या पाठीवर किंवा आसपास पिले असतील (बहुधा दोन असतात, आणि लहान असेपर्यंत ती आईच्या पाठीवरच बसून फिरतात) तर आई आणि पिले यांच्या मध्ये चुकूनही येऊ नये.

धावू मात्र नये. अंगावर धावून येणारे अस्वल कित्येकदा मधेच थांबून परत फिरते. पळणाऱ्या माणसाला ही संधी मिळत नाही. हातात काठी असेल तर ती त्याच्या व आपल्या मध्ये धरावी. त्याने अंगाला हात घातलाच, तर पालथे पडावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी, कोपरांनी चेहरा दोन्ही बाजूंनी झाकावा आणि तोंड जमिनीकडे ठेवावे. पाठीवर पिशवी असल्यास ती काढू नये, ती ढालीसारखी उपयोगी पडते. अस्वलाचा रोख बहुधा डोके आणि चेहरा यांवर असतो; त्याच्या तडाख्यातून वाचलेल्या कित्येकांचे डोळे, नाक, जबडा गेलेले आहेत. म्हणून पाठीवर ओरखडे बसले तरी चालतील, पण उताणे होऊ नये. इसापाच्या दुसऱ्या मित्राने येथे निम्मे गुण मिळविले. निपचित पडण्याची त्याची युक्ती ठीक होती. पण ती धोका टळल्याची खूण पटवून भ्यालेल्या जनावराला शांत करते म्हणून, मेलेल्याला अस्वल शिवत नाही म्हणून नव्हे. अस्वल निघून गेल्यावरही लगेच उठू नये. चाहूल पूर्ण थांबेपर्यंत पडून राहावे.

हाच उपाय बिबट्याच्या बाबतीत केला तर प्राणावर बेतेल. म्हणूनच ‘हिंस्र पशूंपासून संरक्षण’ अशी एकच एक पुडी बांधून देता येत नाही. अमेरिकेतदेखील तपकिरी अस्वलापुढे पालथे पडावे आणि काळ्या अस्वलाशी मात्र मिळेल त्या वस्तूने झुंजावे, असे शिकवितात. तेथील प्रवासी मिरचीच्या अर्काचा फवाराही जवळ बाळगतात. वाघ आणि बिबट्या हे मांसभक्षक. ते दबा धरून मागून येतात आणि ओणवा किंवा उकिडवा बसलेला माणूस त्यांना चार पायांचे लहान जनावर भासतो. त्यांच्यापुढे उभे राहावे, हात वर करून मोठे दिसावे, ओरडावे, नजर त्यांच्यावरून काढू नये, मुलाला चटकन उचलून घ्यावे. आणि धरलेच तर सर्व शक्तीने प्रतिकार करावा. सुंदरबनात १९८६ साली मध आणि लाकूड आणावयास जाणाऱ्यांना डोक्याच्या मागल्या बाजूस मानवी चेहऱ्याचे मुखवटे बांधावयास दिले होते, ते याच कारणासाठी: वाघाला पाठ दिसू नये. जुन्नरकडच्या उसात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत राहणाऱ्यांनी याच्याही आधीची गोष्ट करावी. उकिरडा साठू देऊ नये. उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

अस्वल कधीकधी वाट चुकून गावातच येते. तेव्हा खरा धोका जमणाऱ्या गर्दीचा असतो. चारी बाजूंनी कोंडलेल्या जनावराला बाहेर पडण्यास माणसांमधूनच वाट काढावी लागते. रानाकडची बाजू मोकळी ठेवून सर्वांनी घरात जावे आणि महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

जखम झालेल्यास प्रथम रक्त थांबविण्यासाठी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. जखमेत हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नये. चेहऱ्याची कातडी लोंबत असली तरी ती कापून टाकू नये. शस्त्रवैद्यास तीच परत शिवावयाची असते. रक्त आटोक्यात आल्यावर लहान जखमा साबण व भरपूर वाहत्या पाण्याने धुवाव्या. जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जाऊन धनुर्वाताची आणि पिसाळरोगाची लस घ्यावीच. बेशुद्ध माणसास एका कुशीवर निजवावे, आणि त्याच्या तोंडात पाणी घालू नये.