बाटलीवरचं नाव

नारायण पेठेत पेशव्यांच्या पागेच्या जागी १८८० च्या दशकात मुलींची शाळा सुरू झाली. त्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ (जन्म १९१७) पुढे कमल रणदिवे झाल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं असं वडिलांना, फर्ग्युसनच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना, वाटे. ती प्रयोगशाळेत रमली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएचडी, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे उमेदवारी. हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत न थांबता वाढत राहणाऱ्या माणसाच्या पेशी, पहिल्यांदा वाढवणारे ते हेच गाय.

परतल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईत टिश्यू कल्चरची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जगवायच्या तर खाद्यद्रव, ऊब आणि सोवळ्याला लाजवेल अशी निर्जंतुकता लागते. तो द्रवही त्यांनी इथंच तयार करवून घेतला. १९८२ च्या पद्मभूषणाचा उल्लेख सगळे करतात. मला हे द्रवाचं काम मोठं वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पुढचं म्हणजे कर्करोग पसरतो कसा, हा प्रश्न. १९७३ साली अमेरिकेत आयझाया फिडलर यांनी उंदराच्या मेलानोमाच्या पेशी शिरेतून टोचल्या, फुफ्फुसात रुजल्या तेवढ्याच काढून वाढवल्या आणि पुन्हा टोचल्या. अशा दहा फेऱ्यांतून निघालेली बी१६-एफ१० ही पेशीमालिका फुफ्फुस हमखास गाठते. माणसाच्या मेलानोमाची ए३७५ ही मालिकाही त्याच वर्षीची. आपल्याकडे हा त्वचेचा कर्करोग विरळा, तरी पसरण्याची वाट शोधायला त्याच्या पेशी सोयीच्या. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या गटानं बी१६-एफ१० वर दाखवलं, की ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन पेशीला इशारा देतं आणि भोवतीचं जाळं विरघळवणारी विकरं कामाला लागतात. कुंडूंना २००४ चं भटनागर पारितोषिक मिळालं.

या सगळ्या इतिहासात एक फजिती मात्र थोरामोठ्यांची झाली. एमडीए-एमबी-४३५ ही मालिका १९७६ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या छातीतल्या पाण्यातून काढल्याची नोंद होती. उंदरात ती झपाट्यानं पसरे, म्हणून स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार अभ्यासायला जगभर तीच वापरली गेली. २००० साली जनुकांचा आलेख काढला, तर तो मेलानोमाशी जुळला. नंतर डीएनए ताडून पाहिला, तेव्हा ती एम१४ या मेलानोमाच्या मालिकेचीच निघाली. आणि एम१४ चा रुग्ण होता पुरुष!

आता पेशी वापरण्याआधी त्यांचा डीएनए तपासावा, असा आग्रह नियतकालिकंही धरतात. एमडीए-एमबी-४३५ वरचे जुने शोधनिबंध मात्र रद्दीत काढायचं कारण नाही. त्यातलं बरंच मेलानोमा कसा पसरतो म्हणून वाचता येतं. फक्त स्तनकर्करोगाच्या औषधांविषयी त्यावरून काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात.