अर्ध्या इंचावर एक भोक

नाशिकच्या आमच्या वाड्याचा माळा उपसताना आजोबांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत भोकं पाडलेल्या पट्ट्या, चौकोनी नट आणि पितळी चाकं. चाकं काळवंडलेली, पण तांबट आळी असलेल्या गावात पितळ कुणाला ओळखायला शिकवावं लागत नाही. शेजारचे काका डोकावले. "मेकॅनिक्स ना? आमच्या पोरांकडेही होता!"

तो नव्हे. मेकॅनिक्स हा मुंबईच्या झेफिर कंपनीचा खेळ, आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या सुट्ट्या ज्यात गेल्या तो. डब्यातला माल होता ब्रिटिश 'मेकॅनो'चा, त्याहून पुष्कळ जुना. गंमत अशी, की मेकॅनोचं पहिलं नावच 'मेकॅनिक्स मेड ईझी' होतं. 'मेकॅनो' हे नाव १९०७ चं. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते.

हे खेळणं कुणा इंजिनिअरच्या डोक्यातून निघालं असेल, असं वाटतं. पण मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलला मांस आयात करणाऱ्या पेढीत कारकून होता. मुलांसाठी तो पत्रा कापून पूल, क्रेन बनवी. पण एकाचे भाग दुसऱ्याला लागत नसत. मग त्याला सुचलं, की सगळ्या भागांना सारख्याच अंतरावर, दर अर्ध्या इंचाला भोक पाडलं तर त्याच पट्ट्यांतून आज पूल होईल, उद्या गाडी. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं, तेही मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन.

अस्सल मेकॅनो म्हणजे लाल-हिरवा, बाकी नक्कल, हे तर बरेच जण ठासून सांगतात. पण सुरुवातीच्या पट्ट्या बिनरंगी होत्या, मग निकेलचा मुलामा आला. लाल-हिरवा आला १९२६ मध्ये, पुढे निळा-सोनेरी, साठच्या दशकात पिवळा-काळा. तेव्हा फिकट रुपेरी पट्टी दिसली की भंगारात टाकू नका. आणि नवा रंगही फासू नका. जुन्या वस्तू जमवणारे मूळ रंगालाच किंमत देतात. (काकांनी ऑइल पेंटचा डबा आणलाच होता.)

उरला आक्षेप 'पोरखेळ' असल्याचा. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणं सोडवणाऱ्या यंत्राचा नमुना बहुतांशी मेकॅनोच्या भागांतून उभा केला. खर्च सुमारे वीस पौंड.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. पण भाग अजून जुळतात का, हे पाहायला मी आमच्या डब्यातली एक रुपेरी पट्टी लाल पट्टीवर ठेवली. दोन्ही साडेपाच इंची, अकरा भोकांच्या. भोकांवर भोकं नेमकी बसली. नट मात्र गंजून घट्ट झालाय. शिलाई मशीनचं तेल सोडून ठेवलंय.