सफरचंदाला कापूस लागतो तेव्हा…

सिमल्याकडच्या बागेत सफरचंदाच्या फांदीवर, जुन्या छाटणीच्या जखमेत पांढऱ्याशुभ्र कापसाचा पुंजका दिसतो. बोटांनी चिरडून बघा. बोटं लाल! हा कापूस नव्हे, लोकरी मावा. जर्मनीत त्याला ‘रक्ताची ऊ’ म्हणतात ते उगाच नाही.

ऊसवाल्यांना हे नाव चांगलंच ठाऊक आहे. २००२ साली सांगली भागात उसाची पानं पांढरी करणारा लोकरी मावा याचाच भाऊबंद, पण जात वेगळी.

सफरचंदावरचा मूळचा अमेरिकेचा. तिथे त्याला एल्मच्या झाडाचंही दुसरं घर असतं. परदेशी आल्यावर एल्म सुटला आणि नरांवाचूनही भागू लागलं! मादी अंडी न घालता थेट पिल्लंच देते, तीही माद्याच.

त्यातून अर्धं बिऱ्हाड जमिनीखाली. मुळांना गाठी आणून तिथेच थंडी काढायची आणि ऊन वाढलं की खोडावरून वर चढायचं. पानांवरची फवारणी तिथे पोचणार कशी? म्हणून उपाय मुळातूनच शोधला गेला. ‘नॉर्दर्न स्पाय’ या अमेरिकन सफरचंदाच्या मुळांवर माव्याची डाळ शिजत नाही. इंग्लंडमध्ये मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी त्याचा संकर करून कलमासाठी खुंट तयार केले. काश्मीर-हिमाचलच्या रोपवाटिकांत मिळणाऱ्या एमएम १०६ आणि एमएम १११ मधले दोन ‘एम’ म्हणजे हीच दोन गावं.

पण माझ्या मते खरी कमाल केली ती जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या अ‍ॅफेलिनस माली या परोपजीवी माशीनं. ती माव्याच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून पोखरते, मावा काळा पडतो, लोकर झडते. मग पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर! १९२१ मध्ये रॉबिन टिल्यार्ड यांनी ती न्यूझीलंडला नेली. पुढे ती भारतातही आली. आपल्या उसातला मावा आवरायलाही डायफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटकच धावून आले होते.

दुसऱ्याच किडीसाठी जहाल औषध मारलं, तर ही माशी आधी मरते आणि लोकरीआडचा मावा वाचतो. तेव्हा बागायतदारांनो, पंप पाठीला लावण्याआधी भिंग घेऊन फांदी बघा. भोक पडलेले काळे मावे दिसले, तर फवारणी थांबवा. माशी कामाला लागलेली आहे.