लांबच्या प्रवासात मधली शहरं एवढा वेळ का खातात? आणि ती टाळायची कशी?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की मुंबई-ठाण्यातून हजारो गाड्या कोल्हापूर, कोकण, गोव्याच्या दिशेने निघतात. गाडीत आई-वडील, मुलं, पिशव्या, डबे. फोनवरचा नकाशा सांगतो, दहा-अकरा तासांत पोहोचाल. प्रत्यक्षात पोहोचायला चौदा तास लागतात. जास्तीचे तीन-चार तास गेले कुठे, हे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. मोकळ्या महामार्गावर हा वेळ फारसा जात नाही. तो जातो मुंबईतून बाहेर पडताना, खंडाळ्याच्या घाटात आणि पुण्याच्या कडेने जाताना.

म्हणजे पाचशे किलोमीटरच्या प्रवासातले साठ-सत्तर किलोमीटर सगळं वेळापत्रक बिघडवतात. ते सांभाळले तर बाकीचा प्रवास बऱ्यापैकी ठरल्याप्रमाणे होतो. पण ते सांभाळायचे कसे? आधी कोंडी होते कशी, ते बघू.

कोंडी होते कशी?

समजा, एका पुलावरून तासाला ३,००० गाड्या जाऊ शकतात. तासाला २,७०० गाड्या आल्या तर काहीच अडचण नाही. पण सकाळी ८ ते १० या वेळेत तासाला ३,६०० गाड्या यायला लागल्या, तर दर तासाला ६०० गाड्या मागे उरतात. १० वाजता रांगेत १,२०० गाड्या असतात आणि शेवटच्या गाडीला २४ मिनिटं थांबावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. १० नंतर गर्दी ओसरली आणि पुन्हा तासाला २,७०० गाड्या येऊ लागल्या. आता पूल तासाला फक्त ३०० गाड्यांचा अनुशेष भरून काढतो. म्हणजे १,२०० गाड्यांची रांग संपायला चार तास लागतात. गर्दी दोन तासांची, पण तिचा परिणाम दुपारी २ वाजेपर्यंत. १२ वाजता पोहोचलेल्या माणसालाही १२ मिनिटं थांबावं लागतं, आणि त्याला कळतही नाही की ही रांग कशाची.

हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशोब सगळीकडे हाच लागू होतो. म्हणून 'ऑफिसची गर्दी संपल्यावर निघू' हा विचार वाटतो तेवढा फायद्याचा नसतो. गर्दीनंतर पोहोचण्यापेक्षा गर्दीच्या आधी पोहोचणं कधीही चांगलं.

दुसरं कारण आपल्या गाडी चालवण्यात आहे. २००८ साली जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरीही थोड्या वेळात कोंडी तयार झाली. एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि शेवटी काही गाड्या जागेवरच थांबल्या. घाटात लेन बदलत पुढे घुसणारी गाडी स्वतः दोन मिनिटं वाचवते आणि मागे अशी लाट सोडून जाते.

बायपास आहे, मग अडकतो कसे?

पुण्याचं उदाहरण घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किवळ्याला संपतो. तिथून वाकड, बाणेर, चांदणी चौक, वारजे, नवले पूल करत रस्ता कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जातो. हा रस्ता शहराबाहेरून जायचा म्हणून बांधला होता. पण शहरच त्याच्यापर्यंत आलं आणि ओलांडून पुढे गेलं. हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, बाणेर-बावधन-नऱ्हे इथे वस्ती वाढली. आता रोज कामावर जाणाऱ्या लाखो लोकांचा हा नेहमीचा रस्ता आहे. कोल्हापूरला निघालेली तुमची गाडी त्यांच्याच रांगेत उभी राहते.

हैदराबादचा बाह्यवळण मार्ग यापेक्षा वेगळा आहे. सुमारे १५८ किलोमीटरच्या या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येतं आणि टोल द्यावा लागतो. त्यामुळे गल्लीतून थेट रस्त्यावर येणारी वाहतूक तिथे नसते. दिल्लीभोवतीचे पूर्व आणि पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग याच पद्धतीचे आहेत.

तेव्हा नकाशावर 'बायपास' दिसला, की एक प्रश्न विचारायचा. या रस्त्यावर स्थानिक माणूस भाजी आणायला येऊ शकतो का? येऊ शकत असेल, तर सकाळ-संध्याकाळ तो शहरातलाच रस्ता समजायचा.

निघायची वेळ उलटी मोजा

बहुतेक घरांत 'सकाळी लवकर निघू' एवढंच ठरतं. त्याऐवजी आधी ठरवा, की वाटेतलं सगळ्यात अवघड शहर किती वाजता ओलांडायचं आहे. मग तिथून मागे मोजत निघायच्या वेळेपर्यंत या.

समजा, ठाण्याहून सावंतवाडीला पुणे-कोल्हापूर मार्गे जायचं आहे. अवघड जागा म्हणजे पुण्याचा बायपास. कामाच्या दिवशी तो सकाळी ८ च्या आत पार व्हायला हवा. किवळे ते कात्रज बोगदा या पट्ट्याला मोकळ्या रस्त्यावरही पाऊण तास धरा. म्हणजे किवळ्याला ७ च्या आसपास पोहोचायला हवं. द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. सपाटीवर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात बरीच कमी. त्याला सव्वा ते दीड तास. म्हणजे कळंबोलीला साडेपाचला. ठाणे ते कळंबोली पाऊण तास. म्हणून घरातून निघायचं पावणेपाचला. सामान आदल्या रात्रीच गाडीत ठेवलेलं असेल, तरच हे जमतं.

याच जागी घरातून साडेसहाला निघालात, तर पावणेनऊच्या सुमारास तुम्ही वाकड-बाणेरच्या ऐन गर्दीत असता. उशीर पावणेदोन तासांचाच, पण सावंतवाडीला पोहोचायला त्याहून जास्त उशीर होतो. सकाळी ८ ला पुणं सुटलं, तर खेड शिवापूरच्या पुढे निवांत नाश्ता करता येतो आणि आंबोलीचा घाट उजेडात उतरता येतो.

शनिवारी आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी गणित बदलतं. पुण्यात ऑफिसची गर्दी नसते, पण खंडाळ्याच्या घाटात असते. तिथे द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग यांची वाहतूक काही अंतर एकत्र चालते, त्यात चढ आणि संथ ट्रक. खोपोली ते कुसगाव हा 'मिसिंग लिंक' मार्ग याच अडचणीसाठी बांधायला घेतला गेला. अशा दिवशी घाट सकाळी ६ च्या आत चढलेला बरा. शक्य असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी निघा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे. एका दिवसाचा फरक कुठल्याही शॉर्टकटपेक्षा जास्त वेळ वाचवतो.

मग रात्रीच का निघू नये?

अनेक कुटुंबांचा हाच तोडगा असतो. जेवून ११ ला निघायचं, मुलं मागे झोपतात, सकाळी गावाला. कोंडी खरंच टळते. पण मागे मुलं झोपलेली असतात, तेव्हा पुढे बसलेल्या माणसाचं शरीरही झोपच मागत असतं. पहाटे २ ते ६ ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात सुस्त असते. तेव्हा चहा प्यायला, खिडकी उघडली किंवा गाणी लावली, तरी फार थोडा वेळ भागतं.

सलग १७ तास जागा असलेला माणूस चाचण्यांमध्ये साधारण तेवढ्याच चुका करतो, जेवढ्या रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस करतो, असं १९९७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. भारतात गाडी चालवण्यासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी ६ ला उठून, दिवसभर ऑफिस करून रात्री ११ ला गाडी हातात घेतली, तर १७ तास तिथेच पूर्ण होतात. प्रवास अजून सुरू व्हायचा असतो.

त्यामुळे कोंडी टाळायला रात्र वापरायचीच असेल, तर तिचा शेवटचा भाग वापरा. रात्री ९ ला झोपून पहाटे ४ ला उठणं आणि रात्रभर जागून गाडी चालवणं, या दोन्हींत कोंडी सारखीच टळते. धोका मात्र सारखा नाही. चालवणारा एकच असेल, तर त्याला आदल्या दिवशी सामान बांधण्यातून सुट्टी द्या. मुक्काम हाही चांगला पर्याय आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर पुणं ओलांडून साताऱ्यापर्यंत जायचं, झोपायचं आणि सकाळी ताजेतवाने निघायचं. एका खोलीचं भाडं जातं, पण दोन्ही बाजूंची गर्दी टळते.

शहर नसलेला रस्ता किंवा वेगळा घाट

काही वेळा मार्गच बदलता येतो. ठाण्याकडून विदर्भात किंवा मराठवाड्यात जायचं असेल, तर समृद्धी महामार्ग आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वाटेत एकाही शहराच्या मधून जावं लागत नाही. पण तोच सरळ, एकसुरी रस्ता डुलकी आणतो. दर दोन तासांनी थांबणं, टायरची हवा आणि इंधन निघण्याआधी तपासणं तिथे गरजेचंच आहे.

कोकणात जायला मुंबई-गोवा महामार्ग हा सरळ रस्ता, पण सुट्टीत इंदापूर-माणगावची बाजारपेठ तासन् तास अडकवते. ताम्हिणी घाटाने गेलात तरी तुम्ही माणगावजवळच उतरता, त्यामुळे सुटका अर्धीच होते. त्यापेक्षा पुणे-कोल्हापूर महामार्गाने खाली येऊन आपल्या गावाजवळचा घाट उतरणं बरं पडतं. चिपळूणला कऱ्हाडहून कुंभार्ली, रत्नागिरीला आंबा, राजापूरला अणुस्कुरा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. अंतर वाढतं, पण वेळेचा भरवसा जास्त असतो. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद होतात, वरंध घाट तर अनेकदा. तेव्हा आदल्या दिवशी घाट सुरू आहे का, याची खात्री गावातल्या कुणाला तरी फोन करून घ्या.

नकाशावर किती विसंबायचं?

फोनवरचा नकाशा रस्त्यावरच्या इतर फोनचा वेग पाहून आत्ताची स्थिती सांगतो आणि जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधतो. पहाटे ४ ला दाखवलेली वेळ हा अंदाजच असतो, आणि त्यात तुमचे चहा, नाश्ता, स्वच्छतागृहाचे थांबे धरलेले नसतात. चार-पाच जणांच्या कुटुंबाने दहा तासांच्या प्रवासाला किमान दोन तास थांब्यांचे धरावेत. निघण्याची वेळ आधी टाकून अंदाज पाहायची सोय नकाशात असते. आदल्या आठवड्यात दोन-तीन वेगवेगळ्या वेळा टाकून बघा, फरक लगेच दिसतो.

नकाशा चार-पाच मिनिटं वाचवायला गावातल्या बोळातून वळवत असेल, तर वळू नका. तोच सल्ला शेकडो गाड्यांना मिळालेला असतो आणि अरुंद रस्त्यावर समोरून एक ट्रॅक्टर आला की सगळेच अडकतात. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक असेल आणि रस्ता डांबरी, दुपदरी असेल, तरच विचार करा.

थांबायचं कुठे?

कोंडीत अडकलेल्या गाडीत सगळ्यात जास्त त्रास होतो तो लहान मुलांना आणि आजी-आजोबांना. तासभर स्वच्छतागृह नाही, मधुमेह असलेल्या माणसाची जेवणाची आणि गोळीची वेळ टळून गेलेली. म्हणून थांबे शहरांच्या हिशोबाने ठरवा. शहर मोकळं असताना पोहोचत असाल, तर आधी ते ओलांडा आणि मग खायला थांबा. गर्दीच्या वेळीच पोहोचणार असाल, तर वीस-तीस किलोमीटर अलीकडे पोटभर जेवा, पाय मोकळे करा आणि मगच आत शिरा. पाणी, सुका खाऊ आणि औषधं डिकीत नकोत, हाताशी हवीत. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे आहेत ना, हे घरीच बघा.

परतीचं नियोजन वेगळं करा

जाताना लोक वेगवेगळ्या दिवशी निघतात, परतताना मात्र सगळे रविवारी संध्याकाळीच मुंबई गाठतात. रविवारी दुपारच्या जेवणाआधी पुणं ओलांडता येत नसेल, तर रात्री अलीकडेच मुक्काम करून सोमवारी पहाटे निघणं बरं, अर्धा दिवस रजा टाकावी लागली तरी.

परतीच्या वाटेवर एक जागा विशेष जपायची. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या किंवा वेग न आवरलेल्या अवजड वाहनांमुळे इथे अनेक मोठे अपघात झाले आहेत. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि ट्रकच्या पुढे-मागे चिकटून चालू नका. दिवसभर चालवून थकलेला माणूस संध्याकाळी नेमका इथे पोहोचतो. बोगद्याच्या अलीकडे खेड शिवापूरला पंधरा मिनिटं थांबून, चहा घेऊन, शक्य असेल तर चालक बदलून मगच पुढे निघा.